काचेमागचं लडाख

नाशिक

शेखर,

आपण दोघं लडाखने बाप पळवलेली पोरं. नाना दर उन्हाळ्यात त्या उंच, ओसाड वाळवंटात मोजणीला जायचे आणि आपल्या वाट्याला उरायचा त्यांचा नकाशा. घड्यांवर फाटू नये म्हणून तुकडे करून कापडावर चिकटवलेला.

"ताई, वाळवी लागेल, फ्रेम करून आणतो," म्हणालास. काल मी काच काढली. मागे कापड नाही! खंडेनवमीला आई नानांच्या होकायंत्राबरोबर नकाशालाही कुंकू लावते. तो ठिपका मी ओल्या बोटाने पुसला. निघाला नाही, कारण तो छापलेला आहे.

फोनवर तू हसलास. "ताई, आरोप करायला ही तुझी सभा नाही." मूळ नकाशा कुठे आहे, ते मात्र सांगितलं नाहीस.

आईला आता दिसत नाही. ती बोटांनी कापड चाचपून नानांशी बोलायची. परवा म्हणाली, "उज्वले, हा एवढा गार का लागतो गं?" म्हणूनच काच लावलीस ना?

आईला वाचून दाखवल्याशिवाय मी तुला कधी पत्र टाकलं नाही. हे कसं वाचू? म्हणून हे पत्र कपाटातच राहील.

शेखर, तुझ्यापर्यंत पोचणार नसलं तरी लिहिते: खंडेनवमीच्या आत मूळ नकाशा आण आणि आईच्या हातात दे.

तुझी, अजून तरी,
उज्वलाताई