मामांच्या बदल्यात तीन उंदीर

गोरेगाव (ता. सेनगाव)
१८ नोव्हेंबर २००८

आदरणीय मुंजाजीमामांस,

पल्लवीचा सप्रेम जय भीम. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करण्याची पत्रात पद्धत असते. ती मी मोडते, कारण प्रज्ञेशच्या लग्नात तुम्ही भाकरी वरणात भिजवून एकाच गालाने खाताना मी पाहिले आहे. गालाच्या आतला पांढरा चट्टा तीन महिने बरा होत नाही, हेही तुम्हीच सांगितले होते. (फोन केला की वारंगा फाट्यावरच्या दुकानात गाड्यांच्या आवाजात तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.)

तुम्ही पाठवलेला उंदरांचा पिंजरा काल पोचला. मोहनसिंगने जीप दारात उभी केली आणि अतिशय अदबीने म्हणाला, "ताई, मामानं पाठवलेत. निघालो तवा तीन होते, दोघं सेनगावला उतरले." (ते कसे उतरले हे मागच्या सीटवरच्या बाईंना विचारावे लागेल. त्याही तिथेच उतरल्या.) सोबत तुमची चिठ्ठी होती: 'हे माझ्या बदल्यात. यांच्यावर औषध करून पाह्य. गुण आला की कळव, मंग मी दवाखान्यात येतो.'

चूक माझी आहे. लग्नाच्या गडबडीत मी तुम्हाला माझे पुण्यातले काम चार वाक्यांत सांगितले: आमच्याकडे एका जातीच्या उंदरांत माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी वाढवतात, मग त्याच उंदरात माणसाची कॅन्सरची गाठ वाढवतात आणि औषधाने त्या पेशी गाठीशी लढतात का ते पाहतात. पाचवे वाक्य राहून गेले. ते उंदीर जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले असतात. त्यांची हवा गाळलेली, पाणी उकळलेले, आणि त्यांना भेटायला जाताना मी जेवढी स्वच्छ होते तेवढी लग्नालाही झाले नव्हते. तुमचा उंदीर वारंग्याच्या गोदामात वाढून मोहनसिंगच्या जीपमधून जिवंत आला आहे. त्याची प्रतिकारशक्ती तुमच्या पेशी आठ दिवसांत हाकलून देईल. (एखादा दगावला तर म्हणून तीन पाठवलेत, हा विचार मात्र शास्त्रीय होता. आकडा कमी पडला.)

आता इथली परिस्थिती. आईने त्या उंदराला शेंगदाणे चालू केले आहेत. मी त्याला शेतात सोडते म्हटले तर म्हणाली, "माझ्या भावाच्या बदल्यातला जीव हाये त्यो. काहून सोडू?" शेजारच्या रुक्माबाईंचे मांजर त्यांच्या माहेरी रवाना झाले. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ येतात, पिंजऱ्यावर वाकतात आणि विचारतात, "मुंजाजी कसा हाय आज?" आई सांगते, "बराबर खाऊन राहिला." त्यामुळे तुम्ही सगळ्यांपासून लपवलेले दुखणे आता अर्ध्या गोरेगावाला माहीत आहे, आणि तुमच्या तब्येतीला उतार पडला असा गावाचा समज आहे.

मामा, तुमचा पंक्चरचा धंदा वीस वर्षांचा. गिऱ्हाइकाची ट्यूब बसलेली असताना तुम्ही दुसऱ्याच ट्यूबला ठिगळ लावून पाहत नाही. आणि समजा, मी खरोखर तुमच्या नावाचा उंदीर तयार करायला घेतला, तरी सुरुवात तुमच्या गालातला छोटा तुकडा काढण्यानेच होते. दवाखान्यातही पहिल्या दिवशी तेवढेच करतात. उंदरांवरच्या औषधाला माणसांपर्यंत यायला अजून बरीच वर्षे लागतील. चट्टा तेवढा थांबणार नाही. लवकर कळले तर आजच्या औषधांनीही पुष्कळ करता येते. हे मी धीर द्यायला लिहीत नाही, खरे आहे म्हणून लिहिते.

कळावे, लोभ आहेच.

आपली भाची,
पल्लवी

ता. क. गुरुवारी सकाळी मी हिंगोलीहून नांदेडच्या गाडीने येते. साडेनऊला दुकानाला कुलूप लावून फाट्यावर उभे राहा. नांदेडला दवाखान्यात नंबर लावला आहे. तंबाखूची डबी दुकानातच राहू द्या.

ता. क. २. आठ दिवसांसाठी आले आहे असे आईला सांगितले आहे. रजा दोन महिन्यांची काढली आहे. चट्टा साधा निघाला तर ती सगळी वाया जाईल. वाया जावी.