नानांचा ठिपका

६ जानेवारी २०२५
नाना कुठे आहेत ते दिसावं म्हणून नकाशाचं पान केलं, तर ब्राउझर नाही म्हणतो! नानांच्या गळ्यातल्या यंत्राला ठाऊक, ते कुठे आहेत. यंत्राच्या कंपनीला ठाऊक. फक्त पोटच्या मुलाच्या नकाशाला सांगायचं नाही — म्हणे कंपनीचा सर्व्हर परका, आमच्या पानाचा नाही!

मावसबहीण अनुजा नकाशांच्याच धंद्यात. "विनीतदादा, प्रॉक्सी पेज लावू. तुम्हा संस्कृतवाल्यांच्या भाषेत, दूत."

८ जानेवारी
दूत रुजू झाला. आमचा नकाशा त्याला विचारतो, तो कंपनीला विचारतो, उत्तर आणून देतो. ब्राउझरची हरकत नाही — आमच्याच सर्व्हरवरचा, घरचा माणूस ना! अनुजाने त्याला एकच पत्ता, कंपनीचा, नेमून दिलाय. "नाहीतर कुणीही येऊन त्याला आपल्या कामाला जुंपेल."

नानांना ओळखणारे इस्त्रीवाले, केमिस्ट, सगळे नकाशावर, फोन नंबरसकट. मधोमध नानांचा ठिपका. हल्ली त्यांना अधूनमधून माणसं आठवत नाहीत, पण गिरगावातला फेरफटका हवाच. कोंडून ठेवायला जीव धजत नाही. आता ऑफिसात संस्कृत बातम्या लिहिता लिहिता वडील दिसतात. अनुजा, तुझं भलं होवो!

९ जानेवारी
ठिपका चौपाटीवर. झकास.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळपासून ठिपका चौपाटीच्या बाकावर, मी निवांत. दुपारी अनोळखी फोन — "राजाराम बोलतोय, चिंचपोकळीवरनं. लेथचं वर्कशॉप आहे आपलं. तुमचे वडील इथं बसलेत. गळ्यात कार्डावर नंबर होता. टेन्शन घेऊ नका."

टॅक्सीने गेलो. नाना स्टुलावर, हातात तिळगूळ! राजारामभाऊ सांगत होते, "चहात साखर कमी बोलले. तरी दोन कप प्याले!" राजारामभाऊंचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

अनुजा रडवेली. "चूक माझी रे. कंपनीला सारखं विचारायला नको, म्हणून आज सकाळीच प्रॉक्सीला उत्तर साठवायला सांगितलं. शिळं झालं की टाकून दे, हे सांगायचं राहिलं." म्हणजे दूत जागचा हललाच नाही! सकाळचंच उत्तर दिवसभर वाढत होता.

म्हटलं, "रडू नको गं. बातमीदार मी, आणि शिळी बातमी घेऊन बसलो तोही मीच!"

१५ जानेवारी
दुरुस्त झालं. ठिपका हलतो. तरी ऑफिसला कळवलं, उद्यापासून उशिरा येईन. नानांबरोबर मीच जाणार. बायको म्हणाली, "झेपेल ना तुला त्यांच्या वेगाने?"

१६ जानेवारी
नाही झेपलं. बाकावर टेकलो. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "भले गृहस्थ दिसता. एक काम कराल? माझ्या मुलाला तेवढं कळवा, मी बरा आहे. फार काळजी करतो तो."

कळवतो, म्हटलं.