किसनरावांची दहावी

अमरावती,
९ जुलै २०२४

आदरणीय दादा,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अकोल्याच्या गाडीचे कंडक्टर ते एसटी स्टँडवर तुझ्या चौकशीच्या खिडकीत आणून देतील. इथे आमचं गणित शिक्षकांचं नेतृत्व प्रशिक्षण चालू आहे. दोन दिवसांत गणिताचं नाव कुणी काढलेलं नाही. काल वर्तमानपत्रांचे मनोरे बांधले. आज एकीने डोळ्यांना पट्टी बांधायची आणि दुसरीने तिला मैदानभर न्यायचं, त्याने म्हणे विश्वास वाढतो. माझ्या नेतृत्वाखाली तेल्हाऱ्याच्या पौर्णिमाबाई पाण्याच्या टाकीवर आदळल्या. गुडघा सुजलाय. विश्वासाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हसतेय, पण पुढचं काम हसण्यासारखं नाही. मूर्तिजापूरला परतले की मी शाळेची गणित विषयप्रमुख. हेडसरांनी पहिलं काम सांगूनच पाठवलंय: किसनराव सरांच्या तासाला बसायचं आणि दहावी त्यांच्याकडे ठेवावी की काढावी, ते सांगायचं. तुझा वर्गमित्र, तीस वर्षं दहावी शिकवणारा माणूस! काढली तर ती मलाच मिळणार. हे लक्षात आलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, तेच आता खुपतंय.

वहिनींना जयभीम.

तुझी,
संध्या


अकोला,
१२ जुलै

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पौर्णिमाबाईंना माझ्यातर्फे सांग, लहानपणी हिने मलाही असंच विहिरीकडे नेलं होतं, तुम्ही स्वस्तात सुटलात.

किसन काल स्टँडवर आला होता. चहा पाजला. म्हणाला, तुही बहीन आता माह्यी इन्स्पेक्टर होऊन राहिली. हसत होता, पण बिस्किट हातातच राहिलं त्याच्या. त्याच्या घरी तीन एकर आहे, पोरगा नोकरीला लागला आहे, त्याला कशाची कमी नाही. पण गावात त्याची ओळख 'दहावीचे सर' अशी आहे. ती गेली, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तो पाचवीला पाढे म्हणायला लावणार आणि पानठेल्यावर मान खाली घालून उभा राहणार.

तू खरं तेच सांगशील, मला ठाऊक आहे. त्याचीच मला भीती वाटते. तुझी वहिनी म्हणते, पत्रात असलं लिहू नये. लिहिलं.

तुझा,
दादा


मूर्तिजापूर,
२४ जुलै

आदरणीय दादा,
सविनय जयभीम वि. वि.

आज सरांच्या तासाला बसले. पाहशील तर वेडा होशील. भिंतीवर रंगीत तक्ते, गटांना नावं, टाळ्या. जे जे अमरावतीला शिकवलं, ते सगळं सरांनी न जाता केलं. विषय जीएसटीचा. सर फळ्यावर बिल लिहायला लागले, वस्तूचा भाव अजून लिहायचाच होता, तोच पहिल्या बाकावरच्या प्रणालीने उत्तर सांगून टाकलं. उत्तर बरोबर होतं. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. मग त्यांनी उत्तराला जुळेल असा भाव लिहिला.

आपल्याकडे कुणी बघायला येणार म्हटलं की पाठ आधी बसवून घेतात, हे मला नवीन नाही. पण हा नाटकासारखा पाठ केलेला तास होता. प्रशिक्षणाच्या हिशोबाने मी त्याला पैकीच्या पैकी द्यायला हवेत. तसं सांगितलं, तर खोटं. खरं सांगितलं, तर सरांची दहावी जाते आणि मला मिळते, म्हणजे त्या खऱ्यात माझा फायदा. मग ते खरंच खरं उरतं का? मला झोप नाही. हेडसर सोमवारी विचारणार आहेत.

तुझी,
संध्या


अकोला,
२५ जुलै

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला माणसाला दुसरा जन्म घ्यावा लागेल. माझ्याजवळ एकच आहे. तपासणी पथक गाडीत चढलं की आमच्या ड्रायव्हरच्या गळ्यापर्यंतच्या गुंड्या लागतात. पथकाला कधी खरी गाडी दिसलीच नाही. तू वही घेऊन मागच्या बाकावर बसलीस, तर किसन नाटकच करणार. आधी त्याला तुझ्या तासाला बोलाव. आणि जे तुला नीट जमत नाही, तेच शिकव. तुला जमत नाही असं काही असेल, तर.

पत्र आपल्या राठोड कंडक्टरकडे दिलं आहे, त्याला चहा पाज.

दादा


मूर्तिजापूर,
९ ऑगस्ट

आदरणीय दादा,
सविनय जयभीम वि. वि.

मला भूमिती जमत नाही. आता लिहून टाकलं. हेडसरांकडून आठवडाभराची मुदत घेतली आणि सरांना माझ्या नववीच्या तासाला बोलावलं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सिद्ध करत होते. वरच्या टोकातून समांतर रेषा काढली. शिवमने विचारलं, ही रेषा इथेच का काढायची. मी म्हटलं, पुस्तकात तशी आहे. दादा, खरंच मी एवढंच म्हणाले.

सर मागून उठून आले आणि खडू हातातून घेतला. पोरांना म्हणाले, मनाला येईल तिथं रेषा काढा. पाच जणांनी काढल्या, पाचही फसल्या, आणि का फसल्या ते पोरंच सांगू लागली. सहावी समांतर निघाली. मी बाकावर बसून उतरवून घेत होते.

नंतर व्हरांड्यात सर म्हणाले, "बाई, भूमिती मले येते. हे नवं जीएसटी-शेअर मले येत नाई. तीन डाव पाठ करून घेतलं पोट्ट्याइकडून."

दहावीला गणिताचे दोन पेपर, तर आपणही दोन भाग करू, असं मी सुचवलं. भूमिती त्यांची, बीजगणित माझं. त्यांना ते फार लागलं. तीस वर्षं अख्खी दहावी शिकवली, आता अर्धी, एवढंच म्हणाले आणि दोन दिवस डबा एकट्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी स्वतःच हेडसरांकडे चला म्हणाले. हेडसर म्हणाले, निकाल पडला तर नाव कुणाचं? मी माझं सांगितलं. सरांनी बीजगणितात पडला तर तिचं, भूमितीत पडला तर माह्यं, असं बजावलं. हेडसरांना असं उत्तर प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडेना, म्हणून त्यांनी हो म्हटलं.

काल दहावीवर बीजगणिताचा पहिला तास घेतला. वर्गात शिरले, तर किसनराव सर शेवटच्या बाकावर, पुस्तक उघडून. मी जीएसटीचंच गणित घातलं, तर त्यांनी हात वर केला. विचारावं की नाही, मला कळेना. विचारलं. व्यापाऱ्याने आधी भरलेला कर वजा करायचा, तो त्यांनी मिळवला. वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, सर, चुकलं.

ते बसले नाहीत. म्हणाले, "काऊन चुकलं, थे सांगा."

वहिनींना जयभीम. माझ्या प्रश्नांना कंटाळलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संध्या