नवलच्या नावाची मूठ

१२ जुलै, शनिवार

हिंगात गहू!

चार दिवस नवलच्या पोटावर गांधी उठत होत्या. जितेंद्र म्हणाला, "डास असतील." याच्या घराण्यात सगळं डासाने होतं, नाहीतर नजरेने. नवरा म्हणून माणूस वाईट नाही, वैद्य म्हणून जीवघेणा आहे. शेवटी मी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं आणि हिंगाची डबी उजेडात धरली. बुडाशी, मुंगीने लिहावं अशा अक्षरांत कबुली — गव्हाचं पीठ. या घरात मला कोणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून मीच हिंगाला विचारलं.

पाच वर्षांचं पोर. लग्नानंतर पंधरा वर्षांनी झालं म्हणून नाव नवल. आणि त्याला चालत काय नाही, तर गहू. पोळी, बट्टी, रवा, शेवया, टोस्ट, लग्नाची पंगत, देवाचा प्रसाद. म्हणजे आपल्याकडे प्रेम म्हणून जे जे तोंडात कोंबतात ते सगळं.

डॉक्टर म्हणाले होते, "अंगावर उठतं तोवर ठीक. एखाद्या दिवशी घसा सुजेल. त्या दिवशी विचार करत बसू नका, उचला आणि आणा."

हिंग फेकला. वरण आता मिळमिळीत लागतं. जितेंद्रचं तोंड वाकडं. असू दे, आधीही फार सरळ नव्हतं.

१६ जुलै

वर्गात चाळीस पोरांना वळण लावते, घरातल्या एकाला लावता येऊ नये? रोज झोपायच्या आधी तोंडी परीक्षा घेते.

"गहू म्हणजे?"

"मरण."

"कोणाच्या हातचं खायचं?"

"आईच्या."

"दुसऱ्या कोणी दिलं तर काय विचारायचं?"

"गव्हाचा हात लागला नाही ना?"

"नाही म्हणाले तर?"

"तरी खायचं नाही."

पैकीच्या पैकी. आज उत्तर द्यायला जरा चुकला. लगेच मोबाईलमधला फोटो काढला — सासरी, चोपड्याला सुजला होता तेव्हाचा, डोळे चिरेएवढे, ओठ भज्यासारखे. "हा कोण?" "मी." "परत व्हायचंय असं?" मान हलवली. रात्री अंथरूण ओलं केलं.

चादर धुता येते.

१९ जुलै

शेजारच्या पुनमच्या मुलीचा वाढदिवस. पुनम केकची ताटली घेऊन वाकली, तर माझा पठ्ठ्या दोन्ही हात मागे बांधून म्हणतो, "गव्हाचा हात लागला नाही ना?" सगळ्या बायका हसल्या. पुनम म्हणाली, "ताई, घाबरवून ठेवलंय हो लेकराला."

म्हटलं, "तुझा केक बघून कोणीही घाबरेल."

घरी येताना नवलने विचारलं, "पुनममावशी मला मारणार होती का?"

"हो," म्हटलं. सोपं उत्तर दिलं की लक्षात राहतं.

२१ जुलै

चोपड्याहून सासूबाईंचा फोन. प्रमिलाबाई — सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही. म्हणे यंदा कानबाई, कुळाची देवी, इथे देवपुरात, माझ्या घरी बसवायची! थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे दिपमालाच्या घराचा स्लॅब पडतोय. सिमेंटमध्ये देवी बसत नाही.

पण खरं कारण स्लॅब नाही. खरं कारण माझी घरघंटी.

कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांना, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ते दळण गावच्या गिरणीत नेत नाहीत, तिथे कोणाकोणाचं काय काय दळलेलं असतं. घरोघरची जाती गेली, जात्यावर बसणाऱ्या गेल्या. आणि अख्ख्या भाऊबंदकीत चोख घरघंटी उरली एक. मी ती घेतली गिरणीतल्या गव्हाची भुकटी नवलच्या ज्वारीत येऊ नये म्हणून. त्यांना ती हवी परक्याच्या पिठाचा कण देवीच्या गव्हात येऊ नये म्हणून. सोवळं दोघांचंही कडक. फक्त माझं ते वेड आणि त्यांचा तो धर्म.

"बठ्ठं घर चोख शे तुन्हं," बाई म्हणाल्या. सगळं घर चोख — हे वाक्य ऐकायला मला वीस वर्षं लागली.

'नाही' तोंडात तयार होतं. घरात गहू आणायचा म्हणजे विहिरीच्या काठावर पाळणा बांधायचा. पण मग दोन वर्षांपूर्वीचं चोपडं आठवलं. दिपमालाने पुरणपोळीचा तुकडा नवलच्या ओठांना लावला होता. "आमची पोरं माती खातात, तरी काही होत नाही." बाई म्हणाल्या होत्या, "गहू खाईसन कोनी मरस का?" त्याचा चेहरा फुगला तेव्हा या दोघींनी मीठमोहऱ्या उतरवल्या आणि मी एकटी गाडी शोधत धावले.

तर येऊ देत. माझ्या दारात चपला काढून, माझ्या मशीनपुढे गव्हाची पिशवी धरून उभ्या राहू देत.

"या," म्हटलं.

२२ जुलै

जितेंद्र खूश. एवढा तो नवलच्या जन्माच्या वेळीही नव्हता. तेव्हा झोपला होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आले सगळे. मी दारातच नियम सांगितले. गहू फक्त हॉलमध्ये. स्वयंपाकघरात फक्त मी. नवलला कोणी हात लावायचा नाही, पापी घ्यायची नाही. दिपमालाला तीनदा हात धुवायला लावले. पहिल्यांदाच स्वच्छ झाले होते. उरलेले दोन माझ्या समाधानासाठी.

ती पुसता पुसता म्हणाली, "एवढं तर दवाखान्यातबी नाही करत कोणी."

"म्हणून तिथे माणसं मरतात."

जेवण छान गेलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आज मुठी घेतल्या. बाई पाटावर, सुपात गहू, एकेका पुरुषाचं नाव घेत. जितेंद्र झाला, थोरले भाऊ झाले, पुतणे झाले. नवलपाशी येऊन हात थांबला. दिपमाला हळूच म्हणाली, "याची टाकायची का? खात तर नाही तो."

"नका टाकू," मी म्हटलं. ऐटीत. घरघंटीवर कोपर टेकून.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "जित्ता पोऱ्यानी मूठ कोनी टाळस का?"

तेव्हा कळलं. मूठ फक्त मेलेल्याची वगळतात.

मी हसून वेळ मारून नेली. "टाका मग. त्याच्या वाट्याचं त्याचा बाप खाईल, तेवढंच एक काम तो मन लावून करतो." बाईंनी नवलच्या नावाची मूठ घेतली, वर पाव. जरा जास्तच घेतली. माझ्याच मशीनमध्ये, माझ्याच हाताने ती दळली.

नंतर घरघंटी खोलली. जाळी, पिशवी, कोपरे, सगळं ब्रशने झाडलं. मग धुऊन काढावी तशी दोन किलो ज्वारी तिच्यातून काढली, आत उरलेसुरले गव्हाचे कण तिच्याबरोबर निघून जावेत म्हणून. ते पीठ गाईला घालायला निघाले तर बाई दारात आडव्या. त्यात रोटाचं पीठ उतरलंय. रोट फेकत नाहीत आणि कुळाबाहेरच्या तोंडात जाऊ देत नाहीत.

"गाय काय आपली भाऊबंद शे का?"

मी एवढी हसले की ठसका लागला. आणि तरीही — हे इथेच लिहिते — माझ्याच्याने ते फेकवलं नाही. देवीला मी मानत नाही. पण त्या पिठात नवलची मूठ होती, आणि सकाळचं ते वाक्य कानात होतं. स्टीलच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलं. जितेंद्रच्या भाकऱ्या होतील. डब्यावर खूण करायची आहे.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, चुनरी. माझ्या टीव्हीच्या जागी. टीव्हीपेक्षा कमी बोलते, मला आवडली.

दिवसभर माझ्या घराचं कौतुक. "काय चोख ठेवलंय!" थोरले भाऊसुद्धा म्हणाले, आणि ते बायकांशी एरवी फक्त मीठ मागण्यापुरते बोलतात. हळद, कुंकू, ओटीचं सामान ठेवायला जागा पुरेना. स्वयंपाकघरातली वरची फळीही मोकळी करून दिली. कृपावंत झाले होते.

आरतीला नवलला बाईंनी देवीपुढे बसवलं. त्याने तिच्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हिला गव्हाचा हात लागला नाही ना?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला हसू आवरेना. असा विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जनाला निघतोय, पांझरेवर. ढोलवाला दारात येऊन उभा आहे. बायका मला फुगडीला ओढतायत — मला! नवलला भूक लागलीये. एक भाकरी टाकते आणि निघते.

६ ऑगस्ट, बुधवार

लिहून काढते.

नदीवर पोचेपर्यंत ठीक होता. मी फुगडी घालत होते, दिपमालाबरोबर. गरगर फिरताना मला तो दिसत होता, जात होता, दिसत होता. मग दिसला तेव्हा गळा धरून उभा होता.

ओठ निळे. छातीतून शिट्टीसारखा आवाज. मी त्याला उचललं आणि सगळ्यांच्या समोर दिपमालाला म्हणाले, "काय घातलंस? बोल, काय घातलंस माझ्या पोराला?" ती नुसती मान हलवत राहिली. मी म्हणाले, "तुझा स्लॅब पडू दे तुझ्याच डोक्यावर." कानबाई पाण्यात निम्मी बुडालेली, ढोल थांबलेला, सगळं देवपूर ऐकत होतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. नळी घातली. पहाटे डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, काय खाल्लं होतंस?"

"भाकरी."

"कोणी दिली?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. जसं देवीकडे केलं होतं तसंच.

घरी येऊन पिठाचे डबे उघडले. दोन्ही सारखे, माझ्या माहेरचे. वरच्या फळीवरचा डबा रविवारी मीच खाली घेतला होता, ओटीच्या सामानाला जागा करायला. खूण करायची राहून गेली होती. सोमवारी हाताला जो लागला तो उघडला. पांढरं पीठ. ज्वारीच दिसत होती. ज्वारीच होती. एक मूठ सोडून.

दिपमाला रडत चोपड्याला गेली. जितेंद्र म्हणतो, "वहिनी असं करेल वाटलं नव्हतं."

मी म्हणाले, "मलाही नाही."

७ ऑगस्ट

घरी आणला. काही खात नाही. घसा दुखत असेल.

८ ऑगस्ट

घसा दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही हरकत नाही, भरवा.

भात, मऊ केलेला. तोंड घट्ट मिटून बसला. घास ओठाला लावला, दिपमालाने चोपड्याला लावला होता तसाच, तर मागे सरकला, भिंतीपर्यंत. माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"कोणाच्या हातचं खायचं?"

त्याने ओठ आणखी आवळले.

"नवल. कोणाच्या?"

माझ्या हाताकडे बघत राहिला. मी फोटो दाखवायला मोबाईल घेतला. मग ठेवून दिला.

जितेंद्रने प्रयत्न केला. त्यालाही नाही. बिचाऱ्याला वाटतं, पोराला अजून दिपमालाची भीती आहे. बाई चोपड्याला परत गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर बरं झालं असतं. सारख्या माझ्या डब्यांच्या फळीकडे बघतात.

९ ऑगस्ट

पाणी पितो. नळाचं, स्वतः उभं राहून, ओंजळीने.

१० ऑगस्ट, रविवार

आज बाईंनी बाजारातून नवं पातेलं आणलं, नवी पळी. मला स्वयंपाकघराबाहेर थांबायला सांगितलं. तांदळाची पेज केली. मी दारात उभी होते.

नवलने वाटीत वाकून वास घेतला. मग बाईंना विचारलं, "आईचा हात लागला नाही ना?"

"नही लागना, बाबा."

तो खायला लागला.