पासवर्ड लागतच नव्हता

प्रिय शबनूर,

मुलांचे परीक्षेचे गुण तू बदलले नव्हतेस. हे मला परवा कळलं, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजच्या ऑफिसातला तुझा जुना संगणक मोडीत काढायचा होता. आमचा नवा तंत्रज्ञ धैर्यशील तो तपासत होता. मध्येच हसला. "मॅडम, हितं पासवर्ड लागतच नव्हता की! साध्या लॉगिनवर बसलेला कुणीबी सरळ ॲडमिन हुत हुता. सिस्टीमलाच भोक हाय." मी त्याला ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सगळे संगणक बंद, प्रत्येकावर झेंडूची माळ. तुझा एकच चालू, कारण परगावच्या मुलांना दाखले हवे होते. पूजा झाल्यावर मीच तुला पेढा घ्यायला आत बोलावलं. "लॉगआउट करून येते, मॅडम," म्हणालीस. "ये की गं, कोण खातंय तुझं मशीन!" हे माझे शब्द. दहा मिनिटं तुझी खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात तुझ्या लॉगिनवरून कुणीतरी ॲडमिन झालं आणि गुण बदलले.

ॲडमिनचा पासवर्ड आपल्या दोघींनाच ठाऊक. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मीच तो तुला दिला होता. चौकशीत मी ठणकावून सांगितलं, पासवर्डशिवाय हे अशक्य आणि मी केलेलं नाही. उरलीस तू. "मी न्हाय केलं, मॅडम," एवढंच एकदा म्हणालीस. तुला काढलं. अजूनही दुपारी ऑफिस रिकामं झालं की तुझ्या टेबलाकडून ते ऐकू येतं. नव्या मुलीला मी तिथं बसवत नाही.

आणखी एक. ते भोक बुजवणारं अपडेट त्याआधी दोन महिने आलं होतं. प्रवेशाच्या गर्दीत मशीन सारखं रीस्टार्ट होतं म्हणून सगळी अपडेट्स बंद करून टाकली होती. धैर्यशीलनं तारीख दाखवली. बंद करणाऱ्याचं नाव माझं.

प्राचार्य म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरताय? पुढच्या महिन्यात सुखानं रिटायर व्हा." खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. म्हणूनच हे कागद तुझ्याकडे धाडते आहे. माझ्याजवळ राहिले तर एखाद्या दिवशी मी ते फाडीन, इतकी मी स्वतःला ओळखते. माफी मागत नाही. वकील गाठ. साक्षीला मी येईन.

तुझीच,
विजयमाला मॅडम

हुपरीला तुझा भाऊ काशिफ याच्या हाती दिलं: धैर्यशीलचा तपासणी अहवाल, मूळ प्रत. अपडेट मी बंद केल्याचा माझा जबाब, सहीनिशी. त्या संगणकाची हार्ड डिस्क. नक्कल ठेवलेली नाही.