बोर्डापुढे फिट

ता. ४ जून

चि. ठकूस आजीचे अ. उ. आ.

तुझ्या आजोबांनी काल आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आणि घरी येऊन तो धोंडा मला पदकासारखा दाखवला. फोनवर सांगितलं असतं, पण फोन यांच्या खुर्चीशेजारी. विमानांनी खाल्लेले कान भाजी आणा म्हटलं की बहिरे होतात, आणि मी फोनवर कुजबुजले की भिंतीपलीकडून ऐकतात. म्हणून हे पत्र. माझी अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, धरून वाच.

तू तुझ्या वकीलबाईंच्या मागे लागून अर्ज केलास. हवाई दलात जन्मभर विमानांचे ब्रेक दुरुस्त केले, त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली, फुफ्फुसाचं अस्तर जाड झालं, आत पाणी भरतं, तर भरपाई द्या आणि औषधपाणी करा, असा. हा ॲस्बेस्टॉस शब्द तुझ्या पत्रात बघून उतरवलाय. काल त्याचाच मेडिकल बोर्ड होता.

हे बूट चकाकवून गेले. डॉक्टर म्हणाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. हे परेडला निघाल्यासारखे चालले. दम लागतो का? नाही सर. झोप? उत्तम सर. मी बाकावर बसून दातओठ खात होते.

आता खरी मखलाशी ऐक. आदल्या दिवशी मला वाचनालयात जातो सांगून हे दवाखान्यात गेले आणि छातीतलं पाणी काढून आले! का, तर तपासणीला विमान द्यायचं ते झाडूनपुसून, तेलपाणी करून द्यायचं, ही म्हणे त्यांची रीत. नोकरीत असताना बोर्डात नापास झालेला माणूस विमानावरून उचलून गोदामात टाकायचे, म्हणून सगळे खोकला गिळून उभे राहायचे. नोकरी सुटून नातवंडं घोड्याएवढी झाली, तरी ती भीती पोटात तशीच. घरी येऊन मला म्हणतात, पास झालो.

पुढे काय करायचं ते कळव. पत्र शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर टाक.

माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर डोक्यावर बसतेस.

तुझी आजी

&nbsp;

ता. ११ जून

ती. आजीस ठकूचा सा. न. वि. वि.

मुंग्या सगळ्या धरल्या, एकही सुटली नाही.

बोर्डाचा निकाल आला. अस्तरावर डाग आहेत हे त्यांना मान्य, पण चालण्याबोलण्यात काही त्रास दिसत नाही, सबब भरपाई नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, आजवर आजारी असल्याचं सोंग करणारे पाहिले, बरं असल्याचं सोंग करणारे हे पहिलेच.

अपील केलंय. जुलैच्या मध्यावर दुसरा बोर्ड बसेल आणि तो शेवटचा. आजी, आता नीट ऐक. आजोबांच्या छातीचे फोटो मी इथल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे दुखणं मागे फिरणारं नाही. पाणी आता लवकर लवकर भरत जाईल. आजोबा स्वतः उभे राहून बोलू शकतात तोवरच हे व्हायला हवं. नंतर तुला एकटीला सगळं पहिल्यापासून शाबीत करावं लागेल. त्यांच्या जोडीला काम करणारे ढोल्याकाका असाच खोकला घेऊन गेले. काकू अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतायत.

वकीलबाईंनी आणखी एक विचारलंय. कामावरची एखादी वस्तू, कपडे, घरी येत होते का?

आजोबांना माझा सलाम सांग. रागाचा आहे तेही सांग. तुझा राग-लोभ दोन्ही माझ्यावर असू दे.

तुझी ठकू

&nbsp;

ता. १६ जून

चि. ठकूस अ. उ. आ.

कामावरचं काय येत नव्हतं ते विचार. शनिवारी यांची कामावरची डांगरी धुवायला यायची, वर्षात कधी चुकली नाही. मागच्या दारी उभी राहून मी ती झटकायची, तेव्हा पीठ उडावं तसा पांढरा धूर निघायचा. मी शिंकायची आणि यांच्या नावानं खडे फोडायची. हे हसायचे. नळीनं हवा मारून ब्रेकच्या भांड्यातली धूळ उडवायचे, आणि तिच्याच मिशा काढून हे आणि ढोल्या एकमेकांना साहेब साहेब करायचे. चांगली मोठी झालेली माणसं!

शिवाय एक कापडाचा चौकोन आहे. इंजिनाच्या तापलेल्या नळीला गुंडाळायचं ते कापड. जळत नाही म्हणून कौतुकानं आणून दिलं होतं. अजून माझी इस्त्री त्यावरच टेकते. कडा सुटल्यात, पण आहे टिकाऊ.

यांच्याशी बोलून पाहिलं. म्हणाले, मी आजारी आजारी म्हणून हात पसरू? आमच्यात आजारी पडणारा आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा. सुंभ जळतोय, पीळ तसाच. मग मीही सोडलं नाही. म्हटलं, एका तडकलेल्या बोल्टासाठी तुम्ही विमान अडवलंत, साहेब समोर थयथयाट करत होता तरी सही केली नाहीत, ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलीत. पोस्टमनसुद्धा सुटला नाही. आणि आता स्वतःची तडा गेलेली छाती रंग लावून पास करता? ते काय होतं आणि हे काय आहे?

पेपर डोळ्यांपुढे धरून बसले, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

शेवग्याच्या शेंगेसारखी वाळू नकोस, खात जा. आठवण कमी पडू देऊ नकोस.

आजी

&nbsp;

ता. २० जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाकी काही वाचू नकोस, आधी हे कर. इस्त्रीखालचं ते कापडही ॲस्बेस्टॉसचंच, त्याला झटकू नकोस, घासू नकोस. पाण्यानं ओलं करून पिशवीत घाल, तोंड घट्ट बांध, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाल आणि कुणाला उघडू देऊ नकोस. न्यायला माणूस येईल, मी बोलले आहे.

आणि दुसरं, स्वतःच्या छातीचा फोटो काढून घे. त्या धुरात तूही उभी होतीस, दर शनिवारी. हट्ट करू नकोस. तू काय उत्तर देणार ते मला पाठ आहे: मला काय धाड भरलीय? भरली नाही ना, मग फोटोला भिऊ नकोस.

हात जोडते, पाया पडते, जे म्हणशील ते करते.

तुझी ठकू

&nbsp;

ता. १८ जुलै

चि. ठकूस आजीचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण अर्धवट सांगून तुझा जीव टांगायचा नव्हता.

कापड गेलं. आता इस्त्री उलथ्या ताटलीवर टेकते. फोटोही काढला. यांच्या अस्तरावर आहेत तसलेच डाग माझ्याही अस्तरावर आहेत, थोडे. डॉक्टर म्हणाला, आज त्यानं काही होत नाही, पण वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. तेव्हा रडायला बसू नकोस, मला वेळ नाही.

यांना मी एक शब्द सांगितला नाही. सकाळी खिडकीच्या काचेवर यांचा फोटो चिकटवला आणि शेजारी माझा. चहा पिता पिता यांचं लक्ष गेलं. उठून जवळ गेले. तडे शोधण्यात जन्म गेलेला माणूस, दाखवायला कुणी लागत नाही. विचारलं, हा दुसरा कुणाचा? मी म्हटलं, तुमच्या धोबिणीचा.

कप तसाच राहिला.

काल बोर्ड होता. यावेळी पाणी काढलं नाही. बूट मात्र चकाकवलेच. चाला म्हटल्यावर निघाले, आणि निम्म्यात भिंतीला हात लावून थांबले. डॉक्टरानं विचारलं, दम लागतो का? तेवढ्यात यांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर. म्हटलं, आता नाही सर म्हणणार आणि सगळं मुसळ केरात. तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, हो, लागतो.

एकदा हो म्हटलं आणि विमानाची तपासणी सांगावी तसं एकेक सांगत सुटले. आडवं झोपता येत नाही. उजवी बाजू दुखते. बुटाची नाडी बांधायला बसावं लागतं, मग उठावंसं वाटत नाही. मलासुद्धा हे माहीत नव्हतं, ठकू, एका घरात राहून. शेवटी म्हणाले, हे विमान उड्डाणाला देऊ नये. डॉक्टर लिहायचा थांबला.

अर्ज मान्य करतो असं त्यांनी आमच्यासमोरच सांगितलं. मी उठले, हे उठेनात. म्हणाले, हिचंही लिहा, माझे कपडे हिनं धुतलेत. डॉक्टर म्हणाला, कायद्यात नोकरदाराच्या बायकोसाठी जागा नाही. हे म्हणाले, मग मी बसलोय. दम लागलेला माणूस, कुठं जाणार? बाहेर रांग खोळंबली. अखेर डॉक्टरानं खाली दोन ओळी लिहिल्या, तेव्हा उठले. त्या दोन ओळींचं काय होतं ते तू आणि तुझ्या वकीलबाई बघा. मी काही आशेला लागलेली नाही, पण सोडणारही नाही.

परत येताना रस्त्यात जेवढे बाक होते तेवढ्यांवर हे बसले. लाजले नाहीत. दर वेळी मीही शेजारी बसले. मला दम लागला नव्हता, पण यांना कशाला सांगा.

इथलं आम्ही बघतो, तू जीवाला जप आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी