इंदूबाईच्या शेडमधील आर्गन यंत्राविषयी

मी, कोंडीराम आनंदा ओव्हाळ, वय ४६, शिक्षण बी.एस्सी., कारखान्यात माल तपासनीस, राहणार भुकूम, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या समजुतीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे काय याविषयी घरात दुमत आहे. परंतु व्यवहार कळण्याइतके ते ठिकाणावर आहे, हे पत्नीसही मान्य आहे. पुढच्या आठवड्यात पुण्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन व्हायचे आहे. "काळजीचे कारण नाही," असे डॉक्टर म्हणाले. मी काही विचारले नसताना त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हटले, म्हणून हे लिहिणे आले.

१. मी नोकरीच्या कमाईतून बांधलेले दोन खोल्यांचे घर, मागचे परसू आणि लगतची पत्र्याची शेड माझ्यामागे माझी पत्नी सौ. इंदूबाई हिच्या एकटीच्या मालकीची होईल. आम्हांस मूलबाळ नाही. तेव्हा "घर शेवटी भावकीचंच," असे कोणी म्हणू लागल्यास त्यास हे कलम वाचून दाखवावे. 'कोणी' म्हणजे माझे चुलतभाऊ साहेबराव. नाव न घेता लिहून पाहिले, पण मोघम कागदाचा अर्थ पुढे ज्याला जसा हवा तसा निघतो.

२. बँकेतील शिल्लक व प्रॉव्हिडंट फंड इंदूबाईसच मिळेल. फंडाच्या कागदावर तिचे नाव आहे हे मी ऑफिसात जाऊन पाहून आलो. "ओव्हाळ, मागच्या महिन्यात पण बघून गेलात की," असे कारकून म्हणाला. गेलो होतो. मधल्या काळात कागदाला कोणाचा हात लागला नसेल, असे मी का धरून चालावे?

३. शेडमध्ये माझी स्कूटर उभी असते आणि उरलेल्या जागेत इंदूबाई दुधाचे कॅन दुरुस्त करते. गॅसची वेल्डिंग मी कारखान्यात शिकून तिला शिकवली. आता तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. पहिल्या दिवशी साहेबराव शेडच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "वैनी दिसभर ठिणग्या उडवनार, आन् तू काय करनार रं कोंड्या? डायरी लिवनार?" हे मी त्याच दिवशी डायरीत लिहिले.

अडचण अशी आहे. कॅन अॅल्युमिनियमचे. गॅसवर जोडताना जी पावडर लावावी लागते ती कितीही घासली तरी सांध्यात राहते, सांधा पांढरा पडतो आणि डेअरी कॅन परत पाठवते. आमच्या दूध केंद्राचे चिटणीस कुशाबा यांनी स्पष्ट सांगितले, "वैनी, तुमचं काम वंगाळ न्हाई, पर हिथून फुडं आर्गनचा सांधा असंल तरच मी कॅन घेनार. न्हाईतर मला पुण्याला धाडावं लागतंय." म्हणजे शेडमध्ये आर्गनचे, पावडरीऐवजी आर्गन वायूच्या आवरणात विजेने सांधा मारणारे, यंत्र आले नाही, तर माझ्यामागे इंदूबाईचे काम बंद. मग ती कोणाच्या दारात उभी राहणार? हा प्रश्न मी ऑपरेशनपेक्षा जास्त वेळा स्वतःला विचारला आहे. म्हणून यंत्र मी जिवंत असेन वा नसेन, घेतलेच पाहिजे, आणि ते पुढे लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. पैसे कमी पडल्यास स्कूटर विकावी.

४. पुण्याच्या जुन्या बाजारातील हैबतराव यांचे यंत्र घेऊ नये. ते निम्म्या किमतीत देतात आणि चहा पाजतात. "साहेब, कंपनी कंडिशन. आपल्याकडं लपवाछपवी न्हाई." यंत्राला ओला वाटावा इतका ताजा हिरवा रंग होता. मी नाण्याने कोपरा खरवडला. खाली निळा, त्याखाली गंज. हैबतराव हसले. "साहेब, तुम्ही पोलिसात होता का?" मग त्यांनी स्टीलच्या पट्टीवर सांधा मारून दाखवला आणि तो सुंदर आला. इथेच माणूस फसतो. अॅल्युमिनियमवर एक कडक साय असते. ती फोडायला एसी करंट लागतो. हैबतरावांचे यंत्र डीसी आहे. ते स्टीलला जोडते आणि अॅल्युमिनियमला फक्त काळे करते. मी सोबत नेलेला फुटका कॅन पिशवीतून काढला तेव्हा ते म्हणाले, "अरे अरे, गॅस आत्ताच संपला बघा." सिलिंडरवरचा काटा तसे म्हणत नव्हता.

तेव्हा इंदूबाईने कोणतेही यंत्र पाहायला जाताना स्वतःचा फुटका कॅन न्यावा आणि त्यावरच सांधा मारायला लावावा. बाकी बोलणे ऐकू नये. बरा दिसतो म्हणून मी आजवर कोणताही माल पास केलेला नाही.

५. भोसरीच्या एका लहान वर्कशॉपातले नवे एसी यंत्र घ्यावे. त्या माणसाने माझा कॅन विनातक्रार जोडून दिला आणि त्यात पाणी भरून उलटा टांगला. थेंबही गळला नाही. त्याच्यात मला खोट सापडली नाही, त्यामुळे मी त्याच्याकडे आणखी तीनदा गेलो. इंदूबाई म्हणाली, "यंत्र घेताय का जावई शोधताय?" खोट न सापडणे हा पुरावा होतो का, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. तरी घ्यावे.

६. मात्र ते यंत्र घरच्या एका फेजवर चालत नाही. तीन फेजची लाइन या बाजूला एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे साहेबरावांच्या विहिरीवरच्या मोटारीला. तिथून वायर ओढून घेऊ नये. ज्याच्या हातात स्विच, त्याच्या मर्जीवर इंदूबाईची कमाई, असे मला नको. विद्युत मंडळाकडे तिच्या स्वतःच्या नावे जोडणी मागावी. त्या जोडणीसाठी एक खांब साहेबरावांच्या बांधावर उभा करावा लागेल व त्यास त्यांची संमती लागेल. ती ते देणार नाहीत, असे मी गृहीत धरतो. मी त्यांना विचारलेले नाही. विचारले की किंमत ऐकावी लागते.

७. माझे ड्रिल मशिन इंदूबाईस. त्याची पाते आवळायची चावी साहेबरावांनी मोटारीच्या कामासाठी ड्रिल नेले तेव्हापासून मिळालेली नाही. ती त्यांना देण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती त्यांच्याकडेच आहे.

८. माझ्या डायऱ्या इंदूबाईने वाचाव्यात किंवा चुलीत घालाव्यात. तिच्याविषयी वाईट लिहिलेले नाही, असे मला आठवते. पण खात्रीसाठी पुन्हा वाचायला वेळ उरलेला नाही.

९. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात व्हावेत. विहाराला माझी लोखंडी शिडी द्यावी. खालून तिसरी पायरी ढिली आहे, हे देताना सांगावे.

वाचन व पुरवणी. ज्याला या कागदातून काही मिळत नाही असाच साक्षीदार घ्यावा, असे वकिलांनी सांगितले. म्हणून साहेबराव आणि कुशाबा यांना बोलावले व आज सकाळी ओसरीवर वरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

साहेबराव म्हणाले, "येवढा इस्वास न्हाई, तर सही माजी कशाला पायजेल?"

"म्हणूनच पाहिजे, दादा. उद्या 'मला म्हाईत न्हवतं' म्हणता येणार नाही."

कुशाबा हसले. साहेबराव हसले नाहीत. "चावी माज्याकडं न्हाई. आन् खांबाचं मला कवा इचारलंस?"

"विचारलं असतं तर काय मागितलं असतंस?"

"ह्योच तुजा रोग! डाक्टरला सांग, पोट फाडलंच हाय तर ह्यो बी काढ म्हनावं." मग ते दारात उभ्या इंदूबाईकडे वळले. "वैनी, खांब घ्या बांधावर. मोटारीच्या वाटंत येऊ देऊ नका, बास."

असे का, म्हणून मी त्यांना विचारले.

"अहो, आता तरी गप बसा," इंदूबाई म्हणाली.

मी गप बसलो आणि पुढील वाक्य लिहिले: साक्षीदार साहेबराव यांनी इंदूबाईच्या वीजजोडणीसाठी आपल्या बांधावर खांब उभारण्यास संमती दिली असून त्याबद्दल काहीही मागितलेले नाही, अजून तरी.

साहेबरावांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले. "ह्ये खोड. मग सही."

ठिकाण: भुकूम, ता. मुळशी, जि. पुणे
रविवार, दि. १६ फेब्रुवारी १९८६

लिहून ठेवणार: कोंडीराम आनंदा ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. साहेबराव ओव्हाळ (सही)
२. कुशाबा, चिटणीस, दूध केंद्र (सही)

खाडाखोड: पुरवणीत 'अजून तरी' हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने खोडले आहेत. कलम ७ तसेच ठेवले आहे. को. आ. ओ.